आधी कारण सांगा

सरकारी कचेरीनं 'नाही' म्हटलं, तर 'का नाही' हेही तिनंच सांगायचं असतं. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(घ). निर्णयाचा फटका ज्याला बसतो, त्याला निर्णयाची कारणं द्यायची. त्यासाठी त्यानं अर्ज करायचीही गरज नाही.

आता निर्णयात यंत्र शिरलं आहे. कलम सुटलं का?

नाही सुटलं. सही अजून माणसाचीच आहे. पण सही करणाऱ्यालाच कारण ठाऊक नसेल, तर तो देणार काय?

हा प्रश्न कॅलिफोर्नियाचा समजू नका. पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्ह्याच्या भातखाचरांचा आहे.

पंतप्रधान पीक विमा योजनेत भात आणि गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज केवळ पीक कापणी प्रयोगावर काढायचा नाही, असं केंद्रानं २०२३ च्या खरिपापासून ठरवलं. किमान ३० टक्के वजन तंत्रज्ञानाच्या अंदाजाला. म्हणजे उपग्रहाची चित्रं, हवामानाची आकडेवारी आणि त्यांवरून हिशेब करणारं संगणकाचं मॉडेल. हेतू चांगला आहे. कापणी प्रयोगाचे आकडे वर-खाली होतात, ही तक्रार गावोगाव जुनी आहे.

मग अडचण कुठे?

अडचण गुंठ्यात आहे. शेतीच्या कामाला सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. वेल्ह्याच्या उतारावरचं खाचर कधी दोन-तीन गुंठ्यांचंच असतं. तेही वाकडंतिकडं. मध्ये बांध, बांधावर गवत. एका ठिपक्यात भात, बांध आणि गवत एकत्र येतं.

वरून सगळंच हिरवं.

त्यात ढग. जुलै-ऑगस्टात या डोंगरांवर आभाळ उघडं मिळतं किती दिवस? म्हणून रडारचा उपग्रह वापरतात. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. पण रडार तिरकं बघतं, आणि उभ्या कड्यामागची जमीन त्याच्या सावलीत राहते. वेल्ह्यातला तोरणा १,४०३ मीटर उंच आहे. त्याच्या अंगाखांद्यावरच्या घळीत भात लावणाऱ्यानं त्या सावलीतून आपलं नुकसान सिद्ध कसं करायचं?

सगळ्यात वाईट मानमोडी, म्हणजे लोंबीच्या मानेवरचा करपा रोग. करपा पानावर आला तर वरून दिसण्याची शक्यता असते. लोंबी बाहेर पडताना तो मानेवर आला, तर पानं बराच काळ हिरवी राहतात आणि दाणा पोचट होतो. हिरवेपणा मोजणारं यंत्र पीक उत्तम असल्याचं सांगतं.

झोडणीला कोंडा निघतो.

आता हिशेब करू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पद्धत योजनेची आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांच्या सरासरीला जोखीमस्तरानं गुणायचं. महाराष्ट्रात तो ७० टक्के. येतं ते उंबरठा उत्पादन. समजा, महसूल मंडळाची सरासरी हेक्टरी ३,००० किलो. उंबरठा २,१००. कापणी प्रयोगातून आले २,०१०. तूट ९० किलो, म्हणजे ४.३ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली, तर भरपाई साधारण २,१४३ रुपये.

यंत्र म्हणालं, २,३१०. सत्तर टक्के प्रयोगाचे, तीस टक्के यंत्राचे. १,४०७ अधिक ६९३. बेरीज बरोबर २,१००.

तूट शून्य. भरपाई शून्य.

हे सूत्र सातवीतली मुलगी सोडवेल. प्रत्येक पायरी तिला तपासता येईल. एक सोडून. ते २,३१० आले कुठून? सूत्र उघडं आणि त्यात घातलेला आकडा बंद पेटीतला, तर उघड्या सूत्राचा उपयोग काय?

उलटही होऊ शकतं. यंत्र कमी सांगेल, शेतकऱ्याला जास्त मिळेल. तेव्हा विमा कंपनी विचारेलच, का? तिच्याकडे वकील आहे.

शेतकऱ्याकडे सातबारा आहे.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला आणि २०२५ मध्ये गेला. शेतकरी खरिपाला पुन्हा दोन टक्के हप्ता भरू लागला. त्या हप्त्यावर किती बोललं गेलं! आकड्याच्या कारणावर कोण बोललं?

आकड्यावर भांडायची आपली परंपरा मोठी आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९४० च्या दशकात त्यांनी पीक कापणीच्या नमुना पाहणीची घडी बसवली आणि थेट ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी वाद घातला. सुखात्म्यांचं म्हणणं असं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसतं. का? कडेवरचं रोप आत की बाहेर अशी शंका आली, की कापणारा ते आत घेतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानं कड जास्त, म्हणून चूकही जास्त. १९४६ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं.

आकडा चुकला, एवढंच सांगून ते थांबले नाहीत. कुणाच्या हातून आणि कुठल्या रोपापाशी चुकला, ते सांगितलं. आज भाताचा कापणी प्रयोग सहसा १० मीटर बाय ५ मीटरच्या तुकड्यावर होतो.

यंत्राच्या त्या जादा ३०० किलोंबद्दल असं कुणाला सांगता येईल?

सांगणारी यंत्रं होती. पन्नास वर्षांपूर्वी. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 'मायसिन' नावाची प्रणाली बांधली. रक्तातला जंतुसंसर्ग ओळखायचा आणि औषध सुचवायचं, हे तिचं काम. आत काही शे नियम, सगळे 'असं असेल तर तसं' या वळणाचे, डॉक्टरांशी बसून लिहून काढलेले. प्रणालीनं काही विचारलं की डॉक्टर उलट विचारू शकत होता, का? ती हाताशी असलेला नियम समोर ठेवत असे.

१९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती तज्ज्ञांच्या तोडीची ठरली. रुग्णालयाच्या रोजच्या वापरात मात्र कधीच आली नाही.

ही लाट आपल्याकडेही आली. १९८० च्या दशकात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा कार्यक्रम काढला. मुंबईचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात होतं. मग लाट ओसरली. नियम लिहायला माणूस लागतो, आणि माणसाला जे येतं ते सगळं त्याला सांगता येत नाही. भोरकडच्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, खाचरात पाणी किती ठेवायचं? तो सांगेल. पण निम्मं उत्तर त्याच्या पायाला ठाऊक असतं.

पायाची मुलाखत कोण घेणार?

मग शिकणारी यंत्रं आली. उदाहरणं द्या, नियम ती स्वतःच शोधतात. शोधलेले नियम ठेवतात कुठे? लाखो आकड्यांच्या गुंत्यात. तिथे शिरून कुणाला ते वाचता येत नाहीत. बनवणाऱ्यालाही नाही.

आणि ती भलतंच शिकली तर? १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवर यंत्रं शिकवली. धोका कुणाला, घरी कुणाला पाठवायचं, हे ठरवायला. सगळ्यांत अचूक ठरलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे आकड्यांच्या गुंत्याचंच एक यंत्र. त्याच नोंदींवर नियम लिहून दाखवणारी दुसरी एक पद्धतही चालवली होती. तिनं एक नियम बाहेर काढला. दमा असेल तर धोका कमी.

दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला, आणि धोका कमी?

नोंदी खोट्या नव्हत्या. दमेकरी आला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत होते, म्हणून तो वाचत होता. उपचाराचं श्रेय यंत्रानं आजाराला दिलं. न्यूरल नेटवर्कही तेच शिकलं असणार, फक्त दाखवत नव्हतं. संशोधक रिच कारुआना त्या कामात होते. ते नेटवर्क रुग्णांवर वापरणं धोक्याचं, असं ठरलं. अचूकतेच्या टक्केवारीत ही चूक दिसली नव्हती.

वाचता येणाऱ्या नियमात दिसली.

नियम लिहून दिलेल्या यंत्राला कारण सांगता येतं पण शिकता येत नाही. आकड्यांच्या गुंत्याच्या यंत्राला शिकता येतं पण कारण सांगता येत नाही. मग दोघांना जोडायचं सोडून आपण त्यांच्या शर्यती का लावतो?

जोडण्याला संशोधक न्यूरो-सिम्बॉलिक म्हणतात. नाव जड, काम सरळ. माणसाला जे पक्कं ठाऊक आहे ते यंत्रात लिहून घाला. उरलेलं त्याला शिकू द्या. आणि शिकलेलं लिहिलेल्याच्या विरुद्ध गेलं, तर अडवा.

हे होतं का? होतं. मिनेसोटा विद्यापीठात विपिन कुमार यांच्या गटानं २०१७ च्या सुमारास तळ्याच्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या यंत्रावर हे केलं. जड पाणी खाली, हलकं वर, हा निसर्गाचा नियम. उन्हाळ्यात भटघर धरणाच्या पाण्यात उतरणाऱ्या पोरांच्या खांद्याला पाणी कोमट लागतं आणि पायाला गार, ते यामुळेच. नोंदींवर शिकलेलं यंत्र मात्र कधी जड पाणी वर दाखवायचं. त्यांनी शिकवतानाच नियम मोडण्याला दंड लावला. उत्तरं निसर्गाला धरून येऊ लागली, आणि सुधारलीसुद्धा.

दुसरा दाखला जानेवारी २०२४ चा. गूगल डीपमाइंडच्या अल्फाजॉमेट्रीनं ऑलिंपियाडची भूमितीची ३० पैकी २५ गणितं सोडवली. त्यात शिकलेलं यंत्र सुचवतं की इथे एक रेघ ओढून बघा. तर्काचं यंत्र नियमांनी सिद्धता पुरी करतं. प्रत्येक ओळ शिक्षकाला तपासता येते.

भूमितीला जे मिळतं, ते भाताला का नको?

भाताचे नियम शोधायला लांब जायला नको. जॉन मॉन्टीथ या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात मांडणी करून दिली आहे. पिकानं ऊन किती घेतलं? त्याची वाढ किती झाली? पाण्याच्या ताणानं आणि तापमानानं ती किती घटली? या हिशेबाला शेवटची एक पायरी जोडायची, झालेल्या वाढीतलं दाण्यात किती उतरलं? मग किलो येतात. विम्याच्या तंत्रज्ञानासाठी केंद्रानं जी कार्यपुस्तिका काढली, तिच्यात या वळणाची पद्धत आहे, पीकवाढीची मॉडेलं आहेत, आणि निव्वळ शिकणारी यंत्रंही आहेत.

माझं मत पायऱ्यांच्या बाजूनं आहे. यंत्रानं शिकायचं ते पायरीच्या आत राहून. ठिपक्यातला भात किती आणि गवत किती. रडारवरून चिखलणी कधी झाली. गार रात्रींचा आणि दवाचा दाण्यावर किती परिणाम झाला. हे त्यानं मोजून शिकावं. भातशास्त्राला जे ठाऊक आहे, ते मात्र लिहून द्यावं.

मग कागदावर काय येईल? लावणी १२ जुलै धरली. पाण्याचा ताण पडला नाही. लोंबीच्या वेळी हवा चांगली. दाण्याचा वाटा नेहमीइतका. म्हणून २,३१०.

आता शेतकऱ्याला तोंड फुटतं. लावणी १२ ला कशी असेल? पाऊस लांबला, आवणी २८ ला झाली, माणसांची मजुरी दिल्याची वहीत नोंद आहे. लोंबी पडताना आठवडाभर धुकं होतं, मानमोडी आली, सहायक कृषी अधिकारी बघून गेले. दाण्याचा वाटा नेहमीइतका धरलात, तो चूक.

हे भांडण करता येतं. नुसत्या २,३१० शी कोण भांडणार?

शेतकऱ्याला कारण हवं आहे ते अपिलासाठी. यंत्राचं कारण ऐकून त्याचं समाधान व्हावं, एवढ्यासाठी हा खटाटोप असेल तर करूच नका.

नियम कुणी लिहायचे? ज्यांनी लिहिले आहेत त्यांना विचारा. डॉ. ना. कृ. सावंतांची चारसूत्री भातलागवड घ्या. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल. प्रत्येक सूत्राला कारण जोडलेलं आहे. तुसाची राख का? सिलिका मिळते, ताट कणखर होतं, रोग कमी येतो. गोळी खोल का? वर फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो. वडगाव मावळचं भात संशोधन केंद्र पुणे जिल्ह्यातच आहे. इंद्रायणी हा भाताचा वाण तिथूनच १९८७ मध्ये आला. यंत्र बनवणारी मंडळी तिथे जाऊन बसतात का?

मात्र सपाटीचा नियम डोंगराला लावू नका. एकट्या भोर तालुक्यात वरंध घाटाकडे पाऊस कोसळतो, महामार्गाच्या बाजूला तो कितीतरी कमी. नियमालाही पत्ता लागतो.

एका पळवाटेपासून सावध राहायला हवं. पेटी बंदच ठेवायची आणि निर्णय झाल्यावर दुसऱ्या यंत्राकडून कारण काढून आणायचं. मग एक रंगीत चित्र मिळतं, लाल ठिपके, निळे ठिपके. यंत्रानं इथे पाहिलं, असं ते सांगतं. कुठे पाहिलं ते कळलं. पाहून काय समजलं? ड्यूक विद्यापीठाच्या सिंथिया रुडिन यांनी २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं की ज्या निर्णयावर माणसाचं बरंच काही अवलंबून आहे, तिथे बंद पेटीला स्पष्टीकरण चिकटवू नका, मुळात उघडं मॉडेल वापरा. अचूकता घसरेल, अशी भीती घालतात. नीट मांडलेल्या तक्त्यांतल्या माहितीवर बहुतेक वेळा फारसा फरक पडत नाही, असं त्यांनी दाखवून दिलं.

आता बोलणारी यंत्रं. राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार ॲप शेतकऱ्याला मराठीत उत्तरं देतं. मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये शेतीसाठी एआय धोरणही मंजूर केलं. आपल्या भाषेत विचारता येणं ही मोठी गोष्ट आहे, तिचं स्वागतच. पण भातावरच्या खोडकिड्याला काय टाकू, असा प्रश्न कुठल्याही बोलक्या यंत्राला विचाराल तेव्हा एक ध्यानात ठेवा. जुन्या मराठी पुस्तिकांत आणि घडीपत्रिकांत दाणेदार फोरेट वर्षानुवर्षं छापलं गेलं. केंद्रानं २०१८ मध्ये आदेश काढला, ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेट बंद. पुस्तिका ढीगभर. आदेश एक.

जे जास्त वेळा छापलं ते खरं, असं शिकलेलं यंत्र कुणाचं ऐकेल?

इथे शिकणं नकोच, नियम हवा. बंदीच्या यादीत असेल ते सुचवायचं नाही. आणि न सुचवण्याचं कारण म्हणून आदेशाची तारीख दाखवायची. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर मेले. औषध ही अंदाजानं सांगायची गोष्ट नाही.

बोलक्या यंत्राला 'का' विचारलं तर ते कारणही देतं, अगदी अस्खलित मराठीत. फक्त उत्तर ज्या वाटेनं आलं तीच वाट ते सांगत असतं, याची हमी नाही. मागाहून रचलेल्या कारणावर अपील कसं करायचं?

छोटी गोष्ट, पण बोचणारी. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्यानं २०२४ मध्ये घेतला. माणसं तीच, खाचरं तीच. आता मागची वर्षं वेल्ह्याच्या नावावर आणि पुढची राजगडच्या. शिकणाऱ्या यंत्राला हे दोन तालुके वाटले तर? त्यासाठी लाखो चित्रं दाखवायला नकोत. वेल्हे म्हणजेच राजगड, ही एक ओळ लिहून ठेवा.

भाताचे किलो चुकले तर पैसे जातात. दरडीचा अंदाज चुकला तर?

माळीण, ३० जुलै २०१४, दीडशेच्या वर माणसं. तळिये, २२ जुलै २०२१, भोरहून वरंध घाट उतरला की लागणाऱ्या महाड तालुक्यातलं. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनंच सांगितलं.

यादी म्हणजे माणसांनी कारणं पाहून केलेलं काम. ती अपुरी पडली. म्हणून शिकणारं यंत्र हवंच. उतार, खडक, मातीची जाडी, ओढे, पाऊस एकत्र पाहून यादीबाहेरची वाडी त्यानं समोर आणावी. पण दरडींच्या नोंदी रस्त्यांच्या कडेच्याच जास्त असतात. वरंध घाटात दरड आली की वाहतूक अडते आणि नोंद होते. वाडीमागच्या रानात माती सरकली, तर कोण लिहून ठेवतं? अशा नोंदींवर शिकलेलं यंत्र 'रस्त्याजवळ धोका' एवढंच शिकून बसू शकतं. न्यूमोनियाच्या यंत्रानं दम्याचं जे केलं, तेच इथे घाटरस्त्याचं होईल. दरड उतारावरून आणि पाण्यामुळे येते, डांबरामुळे नाही, हे त्याला लिहून द्यावं लागेल.

आणि वाडीला सांगणार काय? धोका ८२ टक्के? भर पावसात गुरंढोरं सोडवून, म्हातारी माणसं पाठीवर घेऊन कोण निघेल त्या आकड्यावर? मागचा उतार उभा आहे, माती मुरमावर बसली आहे, तीन दिवस पाऊस थांबलेला नाही, वरच्या अंगाला पाणी तुंबलंय, झऱ्याचं पाणी गढूळ झालं किंवा जमिनीला नवी भेग दिसली तर लगेच बाहेर पडा, असं सांगा. मग माणसं हलतात. झरा त्यांच्या रोजच्या वाटेवर असतो.

कारण न सांगता यंत्रं चालवली तर काय होतं, याचा दाखला नेदरलँड्समध्ये आहे. मुलांच्या पाळणाघराच्या भत्त्यात हजारो पालकांना लबाड ठरवून वसुली लावली. जोखीम मोजणारी संगणक प्रणाली त्यात होती. आपलं काय चुकलं, हे पालकांना कळेना. जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण यंत्रानं केलेल्या निर्णयाचं कारण मागायचा हक्क त्यात लिहिलेला नाही. म्हणून २००५ च्या कलमाला धरून राहा.

करायचं काय, तेही सांगतो. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर आहे, शेतकरी मोबाइलवर स्वतःचं पीक नोंदवतो. त्यात लावणीची तारीख आणि वाण पक्के घ्या. कापणीच्या आधी, ऑक्टोबर उजाडताना, ग्रामसभेत वाचून दाखवा की यंत्रानं या मंडळात लावणी कधी धरली, भाताखालचं क्षेत्र किती धरलं, कुठले दिवस ताणाचे मोजले, रोगासाठी किती वजावट केली. कागद चावडीवर लावा, हरकतीला मुदत द्या. हरकत बरोबर निघाली, तर ती पायरी दुरुस्त करून हिशेब पुन्हा चालवा. पायऱ्यांचं मॉडेल असेल तर हे जमतं. बंद पेटीत पायरीच नसते, दुरुस्त काय करणार?

आणि ढगामुळे किंवा कड्यामुळे यंत्राला जिथे दिसलंच नाही, तिथे आकडा घालू नका. 'दिसलं नाही' असं छापा, आणि ते ३० टक्के परत कापणी प्रयोगाला द्या.